आजचा विषय: मौन

आमचे सासरे उरुसात मिरचीभजं खाऊ देत नसत. तिखटामुळे नव्हे. त्या दिवशीचा विषय 'गोल' असे, आणि मिरची पडली लांब.

तुम्हाला हसू आलं असेल तर हसा. मी मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्या भज्यांच्या गाड्यासमोर नवी साडी सावरत उभी होते. गाडेवाला हातातला झारा तसाच धरून खोळंबला होता, त्याच्या समोर माणसं खोळंबली होती, आणि बंद गळ्याचा कोट नि पांढरी टोपी घातलेले माझे सासरे त्याला समजावत होते, "मिरची उद्या. उद्याचा विषय 'लांब' हाय. आज बटाट्याची दे. पर काप गोल काढलेत का, ते दाखीव आधी."

मी त्यांना मामा म्हणायची. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. ताडकळसला ते हेडमास्तर होते. ही गोष्ट सत्तर सालच्या आगेमागे सुरू झाली. दरवर्षी परभणीचा उरूस भरला की मामा चार दिवसांची रजा टाकत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, दोन नणंदा, माझे मालक आणि मी, असा सगळा लवाजमा बसमध्ये घालून परभणीला नेत. मुक्काम त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओसरीवर. रोज सकाळी चहा झाला की मामा उभे राहत, खाकरत, आणि वर्गात सांगावं तसं सांगत, "आजचा विषय..."

त्यांचं म्हणणं असं, की उरुसात माणूस समदं बघाया जातो अन काहीच न बघता येतो. म्हणून एक दिवस, एक विषय. गोल दिवशी पाळणा, जिलेबी, भिंगरी, मौत का कुआँ. थोरल्या नणंदेची वेणीसुद्धा त्या दिवशी चालत नसे, अंबाडा घालावा लागे. करंजीवरून त्यांचं नि आत्याबाईंचं भर रस्त्यात भांडण झालेलं मी पाहिलं आहे.

"करंजी कुठं गोल हाय?" आत्याबाई म्हणाल्या.

"अर्धी हाय. दोन जोडल्या की गोल."

म्हणून करंज्या जोडीनंच खायच्या. लांब दिवशी ऊस, शेव, बांबूवर चालणारा माणूस. मला त्या दिवशी हिरव्या बांगड्या दिसल्या आणि मी हळूच थांबले, तर मामा कळवळून म्हणाले, "काल का न्हाई म्हणलीस बाई? काल बांगड्याचाच दिवस होता की!" आणि कुणी मध्येच दुसरं काही काढलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "विषयाला धरून बोला."

मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

मी औरंगाबादची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या बाबांनी घराला एकच शिस्त लावली होती. चारचौघांत नीट राहायचं, नीट बोलायचं, आपल्याला हसायला कुणाला जागा ठेवायची नाही. चपलेचा अंगठा तुटला तर आम्ही शाळेत जात नसू. अशा घरातून मी आले, आणि इथे माझा सासरा भज्याच्या गाड्यावर बटाट्याचे काप तपासत होता, भोवती माणसं हसत होती, आणि तोही त्यांच्याबरोबर आनंदाने हसत होता.

ते वर्ष मी निभावलं. दुसऱ्या वर्षी चौथ्या दिवशी सकाळी मामा उभे राहिले आणि म्हणाले, "आजचा विषय, मौन. उरूस आज कानानं बघायचा. कान उघडे ठिवायचे तर तोंड बंद लागतंय." एवढं बोलून त्यांनी दोन बोटांनी स्वतःचे ओठ चिमटले, आणि आमचं सहा जणांचं कुटुंब खुणा करत उरुसात शिरलं.

खरं सांगते, तासभर मला बरं वाटलं. भोंगे, शिट्ट्या, पाळण्याचं करकरणं, पोरं हरवल्याची पुकार, हे सगळं मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. मालक आणि नणंदा पाळण्याच्या रांगेत गेले, आत्याबाई एका पायरीवर टेकल्या. मामा आणि मी जादूच्या आरशांच्या तंबूबाहेर उभे होतो.

तेवढ्यात समोरून माझा दादा आला. माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्याबरोबर नवी वहिनी. लग्नाला दोनच महिने झालेले, बी.ए. झालेली, नागपूरकडची. लग्न तिकडेच झालं, म्हणून माझ्या सासरचं कुणी तिनं अजून पाहिलं नव्हतं.

मामांना इतका आनंद झाला! पण विषय मौन. त्यांनी हात जोडले, मग पोटावर हात फिरवून "जेवलात का" विचारलं, मग हवेत मोठं वर्तुळ काढून पाळणा दाखवला, मग ओठ चिमटून दाखवले, मान हलवली, पुन्हा वर्तुळ काढलं. वहिनी एक पाऊल मागे सरकली.

दादानं मला बाजूला घेतलं. "काय झालं गं यांना?"

"आज मौन आहे त्यांचं," एवढंच सांगायचं होतं. पण वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि मला बाबांची सगळी शिस्त एकदम आठवली. मी म्हणाले, "त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय रे. बोलणं बंद झालंय."

"तुझ्या लग्नात तर चांगले होते!"

"दिवाळीपासून."

मी हळू बोलले होते. पण मामा त्या दिवशी उरूस कानानं बघत होते. त्यांचा वर्तुळ काढणारा हात हवेतच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखादं पोर उत्तर चुकलं की मास्तर बघतो, तसं. मग त्यांनी सावकाश डोक्यावरची टोपी फिरवून वाकडी केली, तोंड थोडं उघडं टाकलं, आणि लहान पोरानं धरावं तसं माझं बोट धरलं.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना त्यानं मामांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्या खिशात चार लिमलेटच्या गोळ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी कसंबसं तोंड उघडलं. "मामा, काल मी..."

"कालचा विषय काल," ते म्हणाले. आणि ताडकळस दिसू लागल्यावर, "पाव्हणे उपाशीच गेले गं."

तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण दादा मोठ्या मनाचा. त्याची बदली परभणीला झाली, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो रविवारी ताडकळसला येऊ लागला. माझ्यासाठी नव्हे, मामांसाठी. आणि तो पांदीच्या वाटेच्या वळणावर दिसला, की हेडमास्तर हातातलं वर्तमानपत्र आत फेकत, टोपी वाकडी करत आणि उंबऱ्यात जाऊन बसत.

"हे काय नवीन खूळ?" आत्याबाईंनी पहिल्यांदा विचारलं.

"पाव्हण्यापुरतं हाय," मामा म्हणाले. "सूनबाईचा शबुद गेलाय त्येंच्यापाशी, खोटा कसा पाडायचा?"

मालक शनिवारी जिंतूरहून नोकरीवरून येत. त्यांना कळल्यावर ते मला एकच बोलले, "तूच केलंस, तूच निस्तर." मी दरवेळी ठरवी, की आज सांगायचं. आणि दरवेळी दादा मामांच्या शेजारी मांडी घालून बसे, संत्रं सोले, एकेका फोडीच्या शिरा काढे, बिया काढे, आणि त्यांच्या तोंडात भरवे. ते बघत मी चुलीपुढे बसून राही.

एकदा तर एक शेतकरी मुलाचा दाखला घेऊन आला. "गुरुजी, सही पायजे होती." मामांनी वाकड्या टोपीनं, उघड्या तोंडानं दाखला वाचला, त्यातली तारखेची चूक दाखवली, आणि झोकात सही केली. शेतकरी आमच्या सगळ्यांकडे बघत बघत गेला. दादा माझ्या कानाशी म्हणाला, "सही अजून जमते गं! आणि गाव किती सांभाळून घेतं यांना, बघ."

अशी पाच वर्षं गेली. पाच वर्षं माझ्या एका वाक्यापायी शहाणासुरता माणूस दोन-तीन महिन्यांनी एका दुपारपुरता वेडा होत होता. उरुसाला आम्ही जायचो, विषयही ठरायचे, पण मौनाचा दिवस त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मग एका रविवारी दादा मोटारीतून आला. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, आठ दिवसांची रजा काढली होती, ओळखीच्या माणसाची गाडी मागून आणली होती. मामांना तपासायला न्यायचं होतं. मला वाटलं, आता मामा हसतील आणि सगळं सांगून टाकतील.

मामा उठून आत गेले. मी मागे गेले, तर ते पिशवीत दोन धोतरं आणि पंचा भरत होते.

"मामा, काय करायलात?"

"जाऊन येतो की." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "डॉक्टर बघल, म्हणल बरा झालाय. तुझा शबुद बी राहिला, त्येंचं मन बी राहिलं. परत ह्यो विषयच न्हाई." मग पंचा आत दाबत, "सुई मातर टोचू नये म्हंजे झालं."

मी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि तशीच बाहेर गेले. दादा गाडीची मागची सीट झटकत होता, मामांना आडवं होता यावं म्हणून त्यानं उशी आणली होती.

"दादा, ते वेडे नाहीत. कधीच नव्हते. मला तुझ्या बायकोपुढं लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले."

तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. दारात मामा आले होते. टोपी सरळ होती. "जय भीम," ते म्हणाले. "बसा पाव्हणे. चूक पोरीची न्हाई. विषय माझा होता."

दादा ओट्यावर बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. मग उठून मामांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि न जेवता निघून गेला. मोटारीचा धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मला वाटलं, मामांना मोकळं वाटत असेल.

"कशाला सांगितलंस बाई," ते म्हणाले.

"मामा, किती दिवस सोसणार होतात?"

"सोसाया काय होतं त्यात?" ते उंबऱ्यात बसले. "नऊ वर्साचा होतो, बाप गेला. चार भावंडं माझ्या मागं. तवापासून शाणाच हाय मी. घरी शाणा, शाळंत शाणा. मला कुणी फोड सोलून घातली न्हाई कधी. कोण घालणार, हेडमास्तरला?" ते थोडंसं हसले. "तुझा भाऊ लय मायाळू हाय. त्यो यायचा तवा बरं वाटायचं."

सात वर्षं मी त्या घरात होते. त्यांचं ताट मी वाढत होते, कोट मी धूत होते.

सहा महिन्यांनी दादा पुन्हा आला. रुसवा गेला होता. मामांना लवून जय भीम केला, "गुरुजी" म्हणाला, खुर्चीवर ताठ बसून शाळेच्या नव्या खोल्यांचं विचारलं, आणि संत्र्यांची पिशवी अदबीनं त्यांच्या हातात दिली. मामांनी पिशवी मांडीवर घेतली. एक संत्रं काढलं, सोललं, आणि एकेका फोडीच्या शिरा काढू लागले. पहिली फोड दादाला दिली, मग आत्याबाईंना, मग नणंदांना, मग मला. शेवटची उरली ती शिरांसकट तोंडात टाकली, आणि म्हणाले, "ग्वाड हाय."