नानासोंची चार्जिंगवाली गाडी

कराडच्या नानासो विरकरांनी आयुष्यात एकही वस्तू दुकानदाराला विचारून घेतली नव्हती. सगळ्या दुकानदाराला सांगून घेतल्या होत्या. मिक्सर असो की चप्पल, आधी घरी अभ्यास करायचा आणि मग दुकानात जाऊन समोरच्याची परीक्षा घ्यायची. (ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस बोलायला लागला की त्याला थांबवायची सवय तिथंच लागलेली.)

गाडी घ्यायचं ठरलं तसे ते चार महिने मोबाईलमध्ये बुडाले. जेवताना बायकोला, क्रांतीला, किलोवॅट समजावून सांगू लागले. ती शाळेत शिक्षिका. घरी आल्यावर कुणी आपल्याला शिकवावं अशी तिला मुळीच हौस नव्हती. ती मान हलवायची आणि भात वाढायची. शेवटी निकाल लागला. नुसती इलेक्ट्रिक गाडी गावाकडं, दहिवडीला जाताना माळावरच बसली तर पंचाईत. म्हणून हायब्रिड. गावात फिरायला बॅटरी, लांब जायला पेट्रोल. रात्री वायर लावायची, सकाळी काढायची, असं त्यांनी कचेरीतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

शोरूमला जाताना आईलाही बरोबर घेतलं. हरणाबाईंची चाळीस वर्षं माणच्या माळावर मेंढरांमागं गेलेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायर दाबून बघितला. तिथल्या उत्कर्षा नावाच्या विक्रेतीनं तीनदा सुरुवात केली, "सर, ही जी हायब्रिड आहे ना..." आणि तिन्ही वेळा नानासो म्हणाले, "ठाऊक आहे." मग ते मॅनेजरला चार गोष्टी शिकवायला आत गेले. बाहेर हरणाबाई आणि उत्कर्षा चहा पीत बसल्या.

गाडी यायच्या आधी घरी चार्जिंगचा पॉइंट यायला हवा. अमृत वायरमननं मॉडेल कुठलं, गाडीबरोबर वायर येते का, असं विचारून बघितलं. नानासोंनी त्याला सांगितलं तेवढं करायला सांगितलं. पोर्चमध्ये स्वतंत्र लाइन आली, लाल बटण आलं. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी क्रांतीचा कढीपत्ता मुळासकट उपटला गेला. पॉइंटला हार घालून नारळ फोडला. कढीपत्त्याबद्दल क्रांती काही बोलली नाही, आणि एवढ्यावरूनच नानासोंनी सावध व्हायला हवं होतं.

रविवारी गाडी आली. कॉलनी जमली. शेजारचे निवृत्त सुभेदार लालासाहेब पुढं उभे. नानासोंनी लाल बटण दाबलं, दिवा लागला, टाळ्या पडल्या. मग ते गाडीकडं वळले. डावीकडचं झाकण उघडलं, तर पेट्रोलचा वास आला. उजवीकडं झाकणच नव्हतं. बॉनेट उघडलं, डिकी उघडली. काही गाड्यांचं पुढं कंपनीच्या चिन्हामागं असतं म्हणून ते चमच्यानं उचकटून बघितलं. शेवटी नवा शर्ट घालून पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली शिरले. लालासाहेब वाकून हातातल्या बॅटरीचा उजेड दाखवत होते.

"काय हुडकतुयास रं?" हरणाबाईंनी वाकून विचारलं.

"भोक, आई. चार्जिंगचं."

"हिला न्हाई." हरणाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या पोरीला मी इचारलं हुतं, ही खाती काय. ती म्हनली, फकस्त पेट्रोल. बॅटरी चालता चालता, ब्रेक दाबला की आपली आपन भरती. मेंढरू चरून आल्यावर रवंथ करतंय, तसलं. वायर लावायची ती येगळी असती म्हनली."

गाडीखालून आवाज आला, "मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला ठावं हाय. समद्यास्नी तसंच सांगत हुतास की."

नानासोंनी आडव्यानंच उत्कर्षाला फोन लावला. तिनं पहिल्यांदाच सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. शेवटी सवयीनं तोंडातून गेलंच, "ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं घरगुती पिठाची गिरणी आणली. एवढ्या ताकदीचा पॉइंट स्वयंपाकघरात नाही म्हणून गिरणी पोर्चमध्ये बसली आणि गाडी बाहेर उन्हात गेली. कॉलनीतल्या बाया डबे घेऊन येऊ लागल्या. गाडीचा निळा रंग आठवड्याभरात ज्वारीचा झाला. लोक गिरणीची चौकशी करायचे, गाडीची कुणी करेना.

पंधरा दिवसांनी लालासाहेब आले. त्यांनाही गाडी घ्यायची होती. इलेक्ट्रिक की हायब्रिड, काही उमगत नव्हतं. नानासोंचा चेहरा खुलला. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला आणि मोबाईल काढला.

लालासाहेब बसले नाहीत. दारातूनच त्यांनी आत हाक मारली, "आवं आजी, उद्या जरा शोरूमला येताय का माझ्यासंगं?"

"येतो की," हरणाबाई आतून म्हणाल्या. "गाडी चालवाय नानालाबी घिऊया. पर ती पोरगी बोलाय लागली की तेवढं ह्याला भाईर उभा कर."