कुल्फीखालचा चीक

आमच्या गोंडपिपरीकडे गाय व्याली की खरवसाच्या आशेने शेजारी वाटी घेऊन येतात. त्यांच्याही आधी नामदेव येतो, हातात काचेची नळी घेऊन. पहिल्या पिवळ्या दुधात, म्हणजे चिकात, ती सोडतो आणि बघतो किती तरंगते. हिरव्या रेघेवर राहिली तर ओरडतो, "पास!" लाल रेघेवर आली की असं तोंड पाडतो, जणू पोरगी दहावीत नापास झाली.

जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. रिटायर झाला, खोड गेली नाही. "जर्सीचं दूध बादलीभर, पन चीक पान्यावानी. रोगाशी लढाची ताकद चिकातच रायते. दोन घंट्यात पाजा!" हे त्याने लग्नाच्या पंगतीतही ऐकवलं आहे. चांगला चीक मिळाला की बाटलीत भरून किराणा दुकानाच्या फ्रिजात कुल्फीखाली ठेवतो. स्वतः मात्र खरवसाला शिवत नाही.

"तू खात नाईस, अन् दुसऱ्यायलेही खाऊ देत नाईस," मी म्हणायची. तो नुसता हसायचा.

यंदा माझी जर्सी व्याली. जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही, हे मी सासूकडून शिकले. जार पडेना. वासरू थरथरत होतं. नामदेवने नळी सोडली. लाल. तो तसाच दुकानाकडे पळाला, बाटली आणली, कोमट पाण्यात ठेवली.

"जार पडू दे आधी," मी म्हटलं.

"बाई, आता तरी पाजू द्या."

त्या 'आता तरी'त काय होतं, ते मला ठाऊक होतं. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा वस्तीतली जाणती बाई मीच होते. पहिलं दूध घाण असतं म्हणून तीन दिवस पिळून मातीत टाकायला मीच लावलं. पोरीला गुळाचं पाणी चाटवलं. नवव्या दिवशी पोरगी गेली. पुढे त्यांना मूल झालं नाही. दवाखान्यात तो लागला त्यानंतर. तिथे काय शिकला, ते साऱ्या गावाला सांगत फिरला. मला एका शब्दाने विचारलं नाही.

मी खाली बसले. वासराचं तोंड वर धरलं. नामदेवने बाटली लावली. ते चोखायला लागलं, तसा तो हळूच म्हणाला, "गोऱ्हा हाय का कालवड, बाई?"

"पोरगी हाय," मी म्हटलं.