आक्कांच्या फोनवर पैसे येतात

माझ्या थोरल्या जाऊबाई, सरूआक्का, फोनवर पैसे येणार असले की आधी साबणाने हात धुतात. मग पाट मांडतात, पाटावर फोन ठेवतात आणि समोर मांडी घालून बसतात. त्या वेळात कोणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. एकदा मी शेजारच्या माझ्या घरात नुसती खोकले, तर लगेच आवाज आला, "शालन, दोन मिन्टं दम धर. जर्मनीचं येतंय."

जर्मनीचं. मी बारावी पास, शिवणक्लासचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलेलं. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. आणि जर्मनीचं येतं त्यांना.

आमच्या खोडदमध्ये लोक म्हणतात, शालन जळते. जळतेच. कारण सांगते, मग तुम्हीच ठरवा. गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पावर एक इंजिनियर साहेब होते. त्यांच्या बायकोला जुन्या लुगड्यांची हाताने शिवलेली गोधडी हवी होती. ती बाई आधी माझ्या दारात आली होती. मी कुरडया घालत होते, हात चिकाने भरलेले. म्हणाले, "ताई, असली जुनी कामं शेजारच्या आक्का करतात." माझ्याच तोंडाने म्हणाले. बाईंनी आक्कांची गोधडी नेली, तिचे फोटो कुठे कुठे टाकले आणि परदेशातून मागण्या यायला लागल्या. साहेबांची बदली झाली तेव्हा जाता जाता बाईंनी आक्कांना फोनवर खातं उघडून ते त्यांच्या बँकेला जोडून दिलं, बाहेरचे पैसे कसे घ्यायचे ते शिकवलं. त्या वर्षीच्या कुरडया माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत.

आक्कांचा सगळा राग पैसे पोचवणाऱ्या कंपनीवर. तिकडून निघालेली रक्कम इकडे येईतो बारीक झालेली असायची.

"वाटंत कोनतरी घास घेतंय," आक्का म्हणाल्या.

मला हसू आलं. "आक्का, त्याला फी म्हणतात."

"फी मला कळती. ती सांगून घेत्यात. दुसरा घास न सांगता घेत्यात, त्याचं बोल."

दुसरा घास म्हणजे डॉलरचा भाव; जर्मनीचे पैसेही कंपनी डॉलरमध्येच धरायची. टीव्हीवर खालच्या पट्टीत भाव दिसतो तो वेगळा, आणि कंपनी आक्कांना देते तो त्याहून कमी. रोज बातम्या बघून, दारामागे खडूने दोन्ही भाव लिहून या बाईने ती चोरी पकडली. भावातही कोणी खातं हे बारावीपर्यंत मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "एवढ्या तेवढ्यानं काय होतंय." आणि घरी येऊन गुपचूप टीव्ही लावून बघितला. आक्कांचं बरोबर होतं.

मग त्यांनी गिऱ्हाइकांनाच लिहायला घेतलं. फोनसमोर मराठीत बोलायचं, फोन त्याचं इंग्रजी करतो. मी ऐकत होते. "बाई, गोधडी माझी, पन वाटंत कंपनी घास घेती. पुढल्या बारीपासून तो घास तुमच्या ताटातला." याचं तिकडे काय झालं देव जाणे, पण जर्मनीच्या बाईंनी फी वर घालून पैसे पाठवले आणि काळजीने विचारलं, तुम्ही जेवलात ना? तेव्हापासून ती बाई दर आठवड्याला आक्कांना जेवणाचं विचारते. मला सख्खी बहीण विचारत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण आक्का शिकवायला लागल्या. गिरणीत दळण टाकताना, बचतगटात, कुणाच्या बारशाला, तेच एक वाक्य. "येनाऱ्याला दार दावायचं, किल्ली न्हाई द्यायची." म्हणजे खात्याचा पत्ता द्यावा, पिन देऊ नये. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना एक अनोळखी बाई दम खायला बसली होती. आक्का तिच्याजवळ थांबून म्हणाल्या, "पैसं घ्यायला पिन लागत न्हाई, ध्यानात ठिवा." ती बिचारी धापा टाकत हो म्हणाली. गावातल्या बायका नवा फोन घेतला की आधी आक्कांना दाखवायला आणायच्या. माझ्याकडे ब्लाऊज उसवायला आणायच्या.

शेवटी मीही गोधड्या शिवायला घेतल्या. हाताने नाही, मशिनवर. नवं कापड, भडक रंग, दोन दिवसांत एक. फोटो काढून फोनवर टाकले. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीने. मी फौजेत आहे, दहा नग पाहिजेत, सगळा ॲडव्हान्स आत्ताच देतो. त्याने चौकटीचं चित्र पाठवलं. हे स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.

आक्कांचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. आठवलं म्हणूनच टाकला पिन. सगळ्या गावाने त्यांचं ऐकलं होतं, निदान एकीने तरी ते मोडायला नको?

लेकीच्या हॉस्टेलसाठी ठेवलेले सगळे पैसे गेले.

मालक टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेले होते. मी मशिनसमोर तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने आक्का दारात आल्या.

"मशिन का थांबलं?"

"दोरा तुटला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. "पिन टाकला?"

मी मान हलवली. आणि दार-किल्लीच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आता गावभर माझ्या नावासकट फिरणार होतं. पण आक्का ते बोलल्याच नाहीत. "आधी बँकेला फोन लाव. खातं बंद कराया सांग. उठ, येळ घालवू नको." मग सायबर हेल्पलाइनला स्वतः बोलल्या. किती वाजता गेले, किती गेले, मेसेजातला व्यवहाराचा नंबर काय, सगळं न अडखळता. अर्ध्या तासात आम्ही नारायणगावच्या जीपमध्ये होतो. पोलीस ठाण्यात अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं, हेही आक्कांनीच सांगितलं. ठाण्यातल्या साहेबांनी खुर्ची दिली ती आक्कांना. त्या अवस्थेतही मला ते लागलं.

इतक्या लवकर कळवलं म्हणून निम्मे पैसे बँकेला मधेच अडवता आले. ते पुढे काही महिन्यांनी मिळाले. बाकीचे गेले ते गेले.

परतताना जीपमध्ये मागे आम्ही दोघीच होतो. वारूळवाडी मागे पडल्यावर मी विचारलं, "आक्का, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

त्या बाहेर बघत होत्या. "पयल्या गोधडीचं पैसं माझंबी गेलं व्हतं. फोन आला, तुमचं पैसं अडकल्यात, सोडवाया मेसेजातला नंबर सांगा. मी सांगितला. बँकेच्या खात्यात तुझ्या दिरानं ठिवलेलं व्हतं, तेबी गेलं."

दीर जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"कोनाला बोलू? पोरगं पुन्यात, त्याचा त्याला ताप. शेजारी तू. तू हसली असतीस."

रागाने म्हणाल्या नाहीत. आज शनिवार आहे असं सांगावं, तसं म्हणाल्या. पैसे गेल्यावर त्या एकट्याच बँकेत गेल्या होत्या, एकट्याच ठाण्यात, आणि कुठे कुठे काय विचारतात ते पाठ करून आल्या होत्या. सुरुवातीच्या त्या दिवसांत आठवडाभर त्यांचं दार लावलेलं होतं. डॉलर आले आणि बाई माणसांत येईना, असं मी गिरणीत तिघींना सांगितलं होतं.

"नसते हसले," मी म्हणाले.

माझ्या मांडीवरची अर्जाची प्रत वाऱ्याने फडफडत होती. आक्कांनी तिच्यावर हात ठेवला, आणि खोडद येईपर्यंत तो तिथून काढला नाही.