सेल्फी पॉइंटवरून आप्पा बेपत्ता

"बारामती आन् इंदापूर, ह्या दोन तालुक्यांत कुणाला गुन्हा करायचा आसंल, तर आधी माझा विचार करावा लागतो," सावळाराम देवकाते सांगायचे. "एमआयडीसीतल्या डेरीत उभा जन्म दूध तपासलं. दुधातलं पाणी वळखता वळखता माणसाचं पाणी जोखायला शिकलो. माझ्यापुढं खोटं आलं की नासतं."

ते स्वतःला गुप्तहेर म्हणवत. गुप्तता इतकी कडक, की मोटारसायकलच्या पुढच्या पाटीवर 'गुप्तहेर' असं ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं. ती मोटारसायकल चालवायचा त्यांचा मेहुणा सोपान. दाजी निवृत्त झाल्यावर बहिणीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ह्यांना एकटं सोडू नगंस." तेवढ्या एका वाक्यावर सोपान सहायक झाला होता. पगार नव्हता आणि राजीनाम्याचीही सोय नव्हती.

त्या सकाळी दारात बुद्धभूषण उभा होता. इंदापुरात त्याचं बोर्ड रंगवायचं, कटआउट बनवायचं दुकान. हात चांगला, म्हणून पक्ष कुठलाही असो, पुढाऱ्यांचे चेहरे त्याच्याकडेच यायचे आणि दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडायचे.

"काका, आप्पा गेले," तो म्हणाला.

सावळारामांनी डोक्यावरची टोपी काढली. "कवा?"

"तसे नाही. कटआउट गेला."

मानसिंग आप्पा म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. माजी हा शब्द त्यांना जिव्हारी लागायचा, म्हणून यंदा जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी त्यांनी इंदापुरातल्या चौकात सेल्फी पॉइंट उभारला होता. प्लायवूडचे पुरुषभर आप्पा, अंगात पांढरा सदरा, चेहऱ्यावर हसू आणि एक हात असा पुढं, की शेजारी उभं राहिलं की तो थेट खांद्यावर यावा. मागं पाटी, 'आप्पा तुमच्या सोबत'. खरे आप्पा पंधरवडा झाला मुंबईत तिकिटासाठी बसून होते.

त्यात आदल्या दिवशी लोकसभेत विरोधी बाकावरचे कुणी खासदार उठले आणि म्हणाले, देशात दवाखाने कमी आणि सेल्फी पॉइंट जास्त झालेत. माणसं भेटत नाहीत म्हणून जनतेला लाकडाच्या गळ्यात हात घालायला लावताय. त्यांचा रोख बहुधा फार वरच्या लोकांवर होता. पण मुंबईत बसलेल्या आप्पांना वाटलं, बोट आपल्याकडंच आहे. त्यांना आधी संताप आला आणि मग, दिल्लीपर्यंत आपलं नाव गेलं म्हणून, छाती थोडी फुगली.

बुद्धभूषणनं ते भाषण मोबाईलच्या स्टेटसला ठेवलं होतं. सकाळी कटआउट गायब. आप्पांचा उजवा हात रविराज, जो त्यांचं फेसबुक सांभाळायचा, त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा ह्याचाच डाव.

"संध्याकाळी पक्षाचे निरीक्षक चौकात सेल्फी काढायला येणारेत," बुद्धभूषण म्हणाला. "तोवर कटआउट मिळाला नाही, तर माझ्यावर पोलिसात तक्रार करणार म्हणतो. दुकान बंद पडंल काका. मी आपलं भाषण आवडलं म्हणून ठेवलं होतं."

सोपाननं त्याला पाणी दिलं. सावळारामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नगंस. मी हाय." हे ऐकून सोपान थोडा घाबरला.

चौकात चौथरा मोकळा होता. ज्या बोल्टांवर आप्पा उभे असायचे ते बोल्ट नीट काढून कडेला रांगेत ठेवलेले.

"चोर शिस्तीचा हाय," सावळाराम वाकून म्हणाले. "शिस्त कुठं असती? दिल्लीत. संसदेत. तितं अध्यक्ष 'बसा' म्हणलं की बसतात."

"टीव्हीवर तर कुणीच बसत न्हाय, दाजी."

"मग ह्यो बसणाऱ्यांपैकी हाय. शोध आणखी सोपा झाला."

मग त्यांना चौथऱ्यावर लाल डाग दिसले. ते एकदम मागं सरले. "रगात."

"काका, आप्पा प्लायवूडचे होते," बुद्धभूषण म्हणाला.

"मग चोराचं. झटापट झाली आसणार."

"लाकडासंगं?" सोपाननं बोट फिरवून पाहिलं. "दाजी, कुंकू हाय."

सावळाराम काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणाले, "मीबी तेच म्हणतोय. करणी. आप्पांच्या तिकिटावर करणी केली, आन् करणी केलेली वस्तू पाण्यात सोडतात. नीरेत सोडला आसणार. नीरा जाती कुठं? नरसिंहपूरला, भीमेत. आप्पा संगमावर लागणार."

"नदी हितनं किती लांब हाय," सोपान म्हणाला. पण दाजी मागच्या सीटवर जाऊन बसले होते. बुद्धभूषणला चौकात थांबवून दोघं निघाले.

नरसिंहपूरच्या घाटावर सावळाराम कपाळावर हात धरून पाण्याकडं बघत राहिले. देवळात घंटा वाजत होती. थोड्या वेळानं त्यांना प्रवाहात पांढरं काहीतरी दिसलं. ताठ, हलत नव्हतं, एक हात वर. "तेच," ते म्हणाले आणि धोतर खोचून पाण्यात शिरले. जवळ जाऊन त्यांनी त्या पांढऱ्या आकृतीला कमरेतून मिठी घातली. आकृती सोलापूरकडच्या एका म्हाताऱ्या भाविकाची निघाली. बिचारा सूर्याला अर्घ्य देत होता.

"कोन रं तू," भाविक म्हणाला.

"सॉरी. तुमी लई सपाट दिसला," सावळाराम म्हणाले.

ओल्या धोतरानं परत फिरताना त्यांचा चेहरा पडला होता. सोपानला वाईट वाटलं. दाजींचं हसं व्हायची त्याला सवय होती, पण चौकात तो पोरगा वाट बघत बसला होता आणि ऊन कलायला लागलं होतं.

"आप्पांचं घर वाटंवरच हाय," सोपान म्हणाला. "त्यांच्या मंडळींना तरी इचारू. रविराजला समजवा म्हणावं."

"जबाब," सावळाराम एकदम ताठ झाले. "मी तेच म्हणणार हुतो."

आप्पांच्या बंगल्यापुढं मांडव होता, चपलांचा ढीग होता. आत बायका पाळणा म्हणत होत्या. सोपान चपला काढेपर्यंत सावळाराम ओसरीवर पोचलेसुद्धा, आणि तिथं, पडद्याच्या सावलीत, फेटा बांधून, गळ्यात हार, कपाळाला कुंकू आणि पुढं केलेल्या हातावर कोरा टॉवेल घेऊन साक्षात मानसिंग आप्पा उभे.

"आप्पा, मुंबईस्नं कवा आला?" सावळारामांनी नमस्कार केला. आप्पा हसले.

"तुमचा कुणावर संशय?" आप्पा हसतच राहिले.

"घरातलंच कुणी हाय का?" त्यावर काही नाही. सावळाराम मागं वळून सोपानला हळूच म्हणाले, "बघितलंस? घरातलं म्हणल्यावर गप झाले. डोळासुद्धा लवत न्हाय. कटआउट ह्यांनीच लंपास केलाय. दिल्लीतनं टीका झाली, लाज वाटली, गुपचूप काढून टाकला." मग आप्पांकडं वळून, "कबूल करा आप्पा, मन हलकं हुईल."

आतून आप्पांच्या बायको, जयवंताकाकी, घुगऱ्यांची ताटली घेऊन आल्या. "त्यांना काय इचारताय भाऊजी? ते लाकडाचं हायत."

सावळारामांनी आप्पांच्या पोटावर टकटक केलं. पोट प्लायवूडसारखं वाजलं.

"लेकीच्या लेकीचं बारसं," काकी ताटली पुढं करत म्हणाल्या. "ह्यांना महिनाभर सांगत हुते. आज म्हणले, तिकीट अडकलंय, यायला जमत न्हाय. लोणी भापकरचं व्याही आलेत, टोपी-टॉवेल घिऊन. द्यायचा कुणाला? फोटूत आजा पायजेल का नगं? मग सकाळी भाच्याला टेम्पो घिऊन धाडला. म्हणलं, उचलायच्या आधी कुंकू लाव, घरचा माणूस हाय."

"रविराजला सांगायचं तरी," सोपान म्हणाला.

"तीनदा फोन लावला. लाइव्ह हुता म्हणं. आप्पा चोरीला गेलं म्हणून."

सोपाननं तिथल्या तिथं त्यांना रविराजला फोन जोडून दिला. ह्या वेळी तो उचलला गेला. काकी हळू आवाजात बोलल्या, पण रविराज पलीकडून 'व्हय काकी' एवढंच म्हणत होता. मग सोपाननं बुद्धभूषणला लावला. पलीकडं तो पोरगा हसायला लागला, ते थांबेचना.

सावळाराम घुगऱ्या खात म्हणाले, "घरातलंच कुणी हाय, हे मी आधीच बोललो हुतो."

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. खरे आप्पा उतरले. तिकीट निरीक्षकांच्या हातात, म्हणून मुंबई सोडून धावत आलेले, आणि वाटेत रविराजचा फोन आल्यावर आधी घरी वळलेले. "कटआउट हितं हाय व्हय," ते दम खात म्हणाले. "चला, उचला. साहेब तासाभरात चौकात येतायत."

"ह्यो हालायचा न्हाय," काकी म्हणाल्या. "सकाळधरनं हितं उभा हाय. एकदा फोन बघितला न्हाय. पोरीनं अंगावर दूध काढलं, हूं की चूं न्हाय. व्याही म्हणले, आप्पा लई मोकळं झाल्यात."

"अगं पण चौकात माणूस लागतोय."

"मग तुमी हाय की. तुमी जावा."

आप्पा रविराजकडं बघायला गेले, पण तो इंदापुरात होता. व्याह्यांकडं बघितलं, तर व्याही लाकडी आप्पांचा हार सरळ करत होते.

त्या संध्याकाळी चौथऱ्यावर एक हात पुढं करून उभ्या राहिलेल्या आप्पांबरोबर निरीक्षकांनी सेल्फी काढला आणि पाच मिनिटांत निघून गेले. कटआउट हुबेहूब आहे म्हणाले. त्यांच्यामागं रांग लागली होती. साखरबाई नावाची एक म्हातारी आप्पांच्या हाताखाली जाऊन उभी राहिली, नातवानं मोबाईल धरला, आणि आप्पांनी सवयीनं डोळे मिचकावले. साखरबाई दचकली. मग तिनं त्यांचा सदरा चिमटीत धरून ओढून पाहिला, आणि मग मुठीतच घट्ट धरला.

"जित्ता हाय," ती रांगेकडं तोंड करून म्हणाली. "या रं सगळी. आता ह्यो पळत न्हाय. आप्पा, आमच्या वस्तीचा रस्ता कवा?"

बुद्धभूषण चौथऱ्याच्या कडेला बसून, बोल्ट हातात खेळवत, आप्पांच्या पायांकडं बघत होता. "काका," त्यानं सावळारामांना विचारलं, "बसवू का?"