चौकट आधी की भिंत आधी

देवऱ्यांना पोहे दिले की ते लगेच खात नाहीत, आधी चौकशी करतात. "आजी, पोहे आधी भिजवले की कांदा आधी चिरला?" कांदा आधी म्हटलं की कपाळाला हात. "पोहे भिजेपर्यंत कांदा चिरून झाला असता. पाच मिनिटं फुकट गेली!" मी त्यांना सांगितलं, माझी अख्खी वर्षं फुकट गेली आहेत, पाच मिनिटांचं काय घेऊन बसलात?

इथे कुवेतमध्ये, रिग्गईत, आमच्या समोरच्या दारात ते राहतात. नाशिककडचे, पंचेचाळिशीचे, एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढतात. मी इथे मुलाकडे असते. शिक्षण चौथी. तरी देवऱ्यांचा अभ्यास मीच घेते, कारण मुलगा लांब मीना अब्दुल्लाला कामाला जातो, तिथून दमून येतो आणि सून त्यांना बघितलं की मोबाइल कानाला लावते.

अभ्यास अमेरिकेतल्या आर्किटेक्टच्या परवान्याचा. बायको नर्स. ती मुलीला घेऊन तिकडे गेली, देवरे इथेच थांबले. "परवान्याशिवाय कायमचा जाणार नाही. नुसता बायकोचा नवरा म्हणून तिथे काय बसायचं?"

"इथे तरी कोणाचे आहात?" मी विचारलं.

परीक्षेत मात्र दोनदा नापास. दोन्ही वेळा तोच पेपर, घर बांधताना कशाच्या आधी काय.

माणूस तसा मूर्ख नाही. आमच्या बाथरूमला नवी टाइल बसवायची होती. हारिसने, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराने, माणसं आणली. देवरे दारात आडवे. "पहले पाइप टेस्ट, बाद में टाइल!" हारिस म्हणाला, "यल्ला बाबा, खलास करो." टाइल बसली. थोड्याच दिवसांत खालच्या घरात पाणी गळायला लागलं आणि सगळी टाइल फोडावी लागली. त्या दिवशी देवऱ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

मग अडतं कुठे? त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले होते. माझ्यासाठी मराठीत लिहिलं होतं: पाया, भिंत, छप्पर, दाराची चौकट, वायर. मी पिसायचे, ते ओळीने लावायचे. दर वेळी चौकट भिंतीच्या आधी. तिकडे लाकडाची घरं, भिंत आधी उभी करतात, तिच्यात जागा सोडतात आणि दार नंतर बसवतात, हे मला शिकवणारे हेच. हात मात्र चौकटीकडेच जाणार.

"अहो, कळतंय तर चुकता कशाला?"

"आजी, माझे वडील गवंडी. आमच्याकडे चौकट आधी उभी करायची. हळदीकुंकू, नारळ, मगच विटा. मोकळ्या जागेत नुसती चौकट असायची आणि आई तिच्यातूनच जायची-यायची. बाजूने कधीच नाही."

"ते तुमच्या घरात करा. हे त्यांचं घर आहे. भिंत नसताना दार दाखवलंत तर परवाना कोण देईल?"

चौकटीच्या पुठ्ठ्यावर मी पेनाने मोठं 'थांब' लिहून दिलं. मग हात थांबायला लागला.

या खेपेला ते पास झाले. शुक्रवारी दुपारी पेढे घेऊन आले आणि माझ्यासमोरच मुलीला स्पीकरवर फोन लावला. तिकडे सकाळ, तिची शाळेची घाई. देवरे म्हणाले, "बाळा, बाबा येतोय!"

ती म्हणाली, "ओके. फॉर हाउ लाँग?"

एवढं इंग्रजी मला कळतं. किती दिवसांसाठी, असं विचारत होती. देवऱ्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "नेहमीसाठी," म्हणाले. मग तिची बस आली आणि फोन बंद झाला.

"तिचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मी नेहमी परतीचं तिकीट काढूनच गेलो. आजी, तेरा वर्षांच्या मुलीला शाळेतून आल्यावर खायला काय द्यायचं?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

त्यांनी मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मी उठून भांडी घासायला घेतली. परत आले तर ते फोनकडे बघत तसेच बसलेले.

"काय म्हणते?"

"ती स्वतःच सँडविच करून घेते म्हणे." त्यांनी चष्मा काढला. "मी आलो की दोन करेल म्हणते."

"मग इथे काय बसलात?" मी म्हटलं. "तिकीट काढा. एकाच बाजूचं."