खोली नंबर सतराची चमक

मी एकदा ठरवलं की ठरवलं! गेल्या वर्षी मी असंच ठरवलं, की क्वांटम गेज फील्ड थिअरीचा डोंबिवलीकरांना उपयोग करून दाखवायचाच. तुम्ही हसाल. हसा! अकरा वर्षं मी या विषयात संशोधन करतोय आणि अकरा वर्षं लोक हसतायत.

खरं तर विषय सोपा आहे. मोजायला कुठूनही सुरुवात करा, निसर्गाचं उत्तर बदलता कामा नये, हे त्याचं मूळ. पूर्वेकडून मोजा नाहीतर पश्चिमेकडून, डोंबिवली स्टेशन मध्येच आलं पाहिजे! बाकी सगळं गणित. ते जगात मोजक्या लोकांना कळतं आणि त्यांतला एकही आमच्या कॉलेजच्या विश्वस्त मंडळात नाही.

मंडळात आहेत काळुरामशेठ म्हात्रे. कॉलेज उभं आहे ते त्यांच्या वडिलांनी दिलेल्या जमिनीवर. जूनमध्ये ते खोली नंबर सतरामध्ये आले. ही आमची प्रयोगशाळा. आमची म्हणजे माझी आणि जीवशास्त्राच्या अक्षदा ठोंबरेची. ती रक्ताच्या एका आजारावर काम करते. शेठनी कमरेवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवली.

"सौमित्र मास्तर, या जागेवर आमच्या बापाचा भात व्हायचा. तुमच्या खोलीत काय पिकतं?"

"संशोधन चालू आहे, शेठ."

"चालू दे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी कमिटी घेऊन येतो. काय पिकलेलं दिसलं तर ठेवू. नाय तर इथं एसी लावून पाहुण्यांना बसायची खोली करू!"

शेठ गेले. अक्षदा कोपऱ्यातल्या फ्रीजकडे बघत राहिली. फ्रीजमध्ये तिने सहा वर्षांत गोळा केलेले पेशंटांचे नमुने होते. कोपऱ्यात तिचा मायक्रोस्कोप होता, निळ्या प्रकाशाचा, डझनभर अर्ज करून मिळवलेला. खोली गेली असती तर हे सगळं जिन्याखाली गेलं असतं. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. म्हटलं, "अक्षदा, घाबरू नकोस. गेज थिअरी आहे ना!"

"म्हणूनच घाबरतेय, सर."

चार महिने मी डोकं फोडून घेतलं. पेशीच्या आवरणाला सुरकुत्या पडतात, त्यांचं गणित मी माझ्या थिअरीने मांडलं. एक्याऐंशी पानांनंतर उत्तर आलं, की निळा प्रकाश टाकला तर आजारी पेशी हिरव्या चमकतील आणि निरोगी पेशी काळ्याच राहतील!

मध्येच खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कॉलेजातल्या यच्चयावत यंत्रांची पूजा होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या मालन मावशी वीस वर्षं हे काम करतायत. मी मात्र स्टाफरूममध्ये उभा राहून भाषणच ठोकलं. "विज्ञानाच्या यंत्राला हळदकुंकू? प्रयोग यशस्वी होतो तो गणिताने!" मावशी ताट घेऊन माझ्यासमोरून निघून गेल्या. सगळे प्रसादाला गेले, तेव्हा मी दोन मिनिटं खोलीत जाऊन मायक्रोस्कोप ठीक आहे ना, एवढं पाहून आलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अक्षदाने आजारी पेशींची काचपट्टी लावली. मी डोळा लावला.

चमक! हिरवीगार, पिवळसर झाक असलेली चमक!

"अक्षदा! एक्याऐंशी पानं खरी ठरली!"

तिने पाहिलं. तिचेही डोळे मोठे झाले. पण लगेच म्हणाली, "सर, निरोगी रक्त लावून बघितल्याशिवाय कुणाला काही सांगू नका. तपासून खात्री केलेलं रक्त रक्तपेढीतून सोमवारी मिळेल."

"छे छे! कुणाला सांगणार?"

मी फक्त प्राचार्यांना सांगितलं. शनिवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला होता! "रक्तातला आजार उजेडात आणणारे डोंबिवलीचे भूषण!" वर हात जोडलेले काळुरामशेठ, बाजूला नऊ शुभेच्छुक गॉगल लावून, आणि खाली कोपऱ्यात ओळखपत्रावरचा मी. शेठच्या पुतण्याचा फोटो माझ्या तिप्पट होता, पण ते असो.

अक्षदा फ्लेक्स पाहून तडक ठाण्याला गेली. तिथे तिची मैत्रीण दिशा एका प्रयोगशाळेत असते. दुपारी दोघींचा फोन आला.

"सर, तीच काचपट्टी आहे," दिशा म्हणाली. "इथे काहीच चमकत नाही. मिट्ट काळोख."

"मायक्रोस्कोप जुना असेल!"

"मागच्या महिन्यात आलाय."

"मग दिवा लावलाय ना नीट?"

आता अक्षदाने फोन घेतला. "सर, मोजणारा बदलला म्हणून उत्तर बदलता कामा नये, हे तुमचंच ना?"

"ते निसर्गाबद्दल आहे! ठाण्याबद्दल नाही!"

तिने फोन ठेवला. मी माघार घेणार नव्हतो. खोली वाचवायची होती आणि फ्लेक्सही लागला होता.

सोमवारी अकराला शेठ आले ते कमिटी, पुतण्या, शाल, श्रीफळ आणि फोटोग्राफर घेऊनच. मी प्रयोग समजावला. एकेकाने डोळा लावला आणि "अरे वा!" म्हटलं. शेठ तर हरखलेच.

"मास्तर, मानलं! आता माझं रक्त लावा. निरोगी माणसाचं काळं दिसतं ना? दाखवा सगळ्यांना!"

अक्षदा माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. तिने शेठच्या बोटातून थेंब घेतला, काचपट्टी लावली, बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"चमकतंय," ती म्हणाली.

शेठ मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे? मला आजार?" फोटोग्राफरने त्याचाही फोटो काढला. पुतण्या ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागला. "मास्तर, सकाळी चार इडल्या खाल्ल्या हो मी! आजारी माणूस चार इडल्या खातो का?"

"माझं लावा!" मी बोट पुढे केलं. चमकलं. प्राचार्यांचं लावलं, चमकलं. पुतण्याचंही चमकलं, तेव्हा त्याने फोन ठेवला आणि तोही काकांच्या बाजूला बसला. अख्खं कॉलेज आजारी!

अक्षदाने दात-ओठ खात एक कोरी करकरीत काचपट्टी उचलली. रक्त नाही, काही नाही. लावली.

"सर, बघा."

चमक! तीच, हिरवी!

इथे एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती. मी टाळी वाजवली. "उत्तम! पोकळी रिकामी नसते, तिच्यात सतत उलथापालथ चालू असते, हेच तर आम्ही सांगतो! शेठ, तुम्ही आजारी नाही! हा शोध रक्तापेक्षा मोठा आहे! डोंबिवलीत पोकळी दिसली!"

"मी मरत नाय ना, तेवढं सांगा!" शेठ ओरडले.

तेवढ्यात दारातून मालन मावशी फडकं घेऊन आल्या. "सर, दसरा होऊन गेला. मशीनची हळद पुसू का आता? राहूनच गेली."

अक्षदा जागच्या जागी थिजली. मग तिने वाकून काचपट्टीखालच्या भिंगाला बोट लावलं आणि वर केलं. बोट पिवळं!

"हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते, सर," ती हळूच म्हणाली. तिला रडू येत होतं की हसू, मला कळलं नाही.

शेठ ताडकन उठले. जीव वाचला म्हटल्यावर त्यांचा आवाजही परत आला. "मावशी! मशीनच्या आत हळद लावता?"

"मी नाही हो!" मावशी खवळल्या. "मी वरच्या पत्र्याला पाच बोटं लावली. आत हात लावायचा नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलंय. सहा वर्षांत मी आत फडकंसुद्धा घातलं नाही!"

"मग मशीन मॅडमच्या ताब्यात, म्हणजे चूक मॅडमची," शेठ म्हणाले. "एवढा निष्काळजीपणा असेल तर ही खोली—"

अक्षदा खाली मान घालून उभी होती. सहा वर्षांचे नमुने फ्रीजमध्ये होते. मी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

"शेठ, मी लावली."

"तुम्ही?" प्राचार्य म्हणाले. "स्टाफरूममध्ये भाषण कुणी केलं मग?"

"मीच. नंतर सगळे प्रसादाला गेले ना, तेव्हा..." "म्हटलं, बाहेर तर मावशींनी लावलीच आहे. आत जिथे काम चालतं तिथे थोडी लागली तर बरं. खोली जाऊ नये म्हणून. गणितावर माझा विश्वास आहेच, पण एक्याऐंशी पानांत एखादी चूक असते हो!"

मग शेठ हसू लागले. इतके हसले, की शाल खांद्यावरून पडली.

"बोट पण नीट लावलंत, मास्तर! बरोबर जागेवर!" त्यांनी डोळे पुसले. "आमचा बाप पेरणीआधी असाच गुपचूप बांधावर हळद टाकायचा आणि आम्हाला सांगायचा, मी काय मानत नाय. खोली ठेवा. एक वर्ष. पण पुढच्या दसऱ्याला मला पुसलेल्या मशीनमधून दाखवायचं!"

श्रीफळ त्यांनी मावशींना दिलं.

त्याच दुपारी अक्षदाने भिंग पुसलं आणि आजारी पेशी लावल्या. मिट्ट काळोख. ठाण्यासारखाच! चूक सदतिसाव्या पानावर निघाली, एका उणे चिन्हाची. ते दुरुस्त केलं तर चमक हिरवी नाही, तांबडी यायला हवी आणि तीही अगदी पुसट. ती शोधण्यात आमचं वर्ष गेलं आणि गेल्या महिन्यात एका काचपट्टीवर काहीतरी पुसट तांबडं दिसलंसुद्धा. ठाण्यालाही दिसलं! मी कुणालाही सांगितलं नाही. प्राचार्यांनाही नाही.

काल पुन्हा खंडेनवमी झाली. सोमवारी शेठ येणार आहेत. अक्षदाने सकाळीच मायक्रोस्कोपवर कागद चिकटवला होता, "पूजेच्या दिवशी सौमित्र सरांना प्रवेश नाही." मी अजिबात रागावलो नाही. सगळे प्रसादाला गेल्यावर मी यंत्राजवळ फक्त एक झेंडूचं फूल ठेवलं. बाहेरच ठेवलं.

बहुतेक बाहेरच.