पाच-नऊ, बकुळाताई

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येक झाडावरून एक तार लोंबत होती आणि प्रत्येक प्राण्यापाशी एक बिनतारी संच होता. संच कुठून आले, असं विचारू नका. गोष्टीतला मोर बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता. मग तो बटण दाबून बोलला तर लगेच शंका काढायच्या नाहीत.

त्या जंगलात हौशी बिनतारी मंडळ होतं. मंडळाचे नियम वडाच्या बुंध्यावर लावले होते आणि रोज सकाळी सगळे डोळे मिटून ते प्रार्थनेसारखे म्हणत. आधी ऐका, मग बोला. जागा रिकामी आहे का ते विचारा. थोडक्यात आटपा. लागेल तेवढाच जोर लावा. आणि पट्ट्यावरची एक जागा संकटासाठी मोकळी सोडा. पट्टा म्हणजे आवाजाचा रस्ता समजा, आणि जागा म्हणजे त्या रस्त्यावर उभं राहून बोलण्याचं ठिकाण. एका ठिकाणी दोघे बोलले की दोघांचाही चिवडा होतो.

नियम म्हणून झाले की सगळे आपापल्या झाडाकडे धावत आणि कोणाचंही न ऐकता एकदम बोलायला लागत.

मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब गवे. जातीनं गवा, अंगानंही गवा. त्यांचा संच जंगलात सगळ्यांत दांडगा होता. शेजारच्या झाडाखाली बसलेल्या अस्वलमामांशी मोहाच्या फुलांबद्दल बोलायचं असलं तरी दादासाहेब पूर्ण जोर लावत. पलीकडच्या डोंगरातल्या घारी त्यामुळे घरट्यात दचकत. हे बोलणं नेमकं संकटाच्या जागेवर चाले. कारण विचारलं तर दादासाहेब म्हणत की तिथे शांतता फार छान असते.

मंडळाचं भूषण म्हणजे नीळकंठराव मोर. त्यांच्यापाशी पानांचा ढीग होता. त्या जंगलात अशी रीत होती की दोघांचं बोलणं झालं की एकमेकांना पळसाचं पान पाठवायचं, आपला पंजा उमटवून. ज्याच्याकडे जास्त पानं तो मोठा. काय बोलणं झालं, हे पानावर कुठेच नसे, त्यामुळे ते फारसं होतही नसे.

आता पाच-नऊची भानगड सांगतो, नीट ऐका. समोरच्याचा आवाज कसा येतो, हे त्याला आकड्यात सांगायचं असतं. पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, दुसरा आवाजात किती ताकद आहे त्याचा. शब्द न् शब्द कळला तर पाच. आवाज कान फाडत आला तर नऊ. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. शहाण्यांनी हे आकडे केले ते अशासाठी, की आवाज पोचत नसेल तर बोलणाऱ्याला कळावं आणि त्यानं काहीतरी करावं.

पण खरा आकडा सांगितला की समोरचा हिरमुसतो आणि पान पाठवत नाही. म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना पाच-नऊच द्यायला सुरुवात केली. नीळकंठराव तर म्हणत, "पाच-नऊ, साहेब, शेजारी बसल्यासारखा आवाज येतोय. आपलं नाव काय म्हणालात? आणि गाव? परत सांगता का जरा?"

हसू नका. तुमच्या घरीही हेच चालतं.

अख्ख्या जंगलात खरा आकडा देणारी एकच होती, साळूबाई. साळिंदर होती ती, अंगावर काटे आणि जिभेवरही. ऐकू आलं तर आलं म्हणायची, नाही आलं तर नाही. तिच्याकडे पानं जवळजवळ नव्हतीच.

उन्हाळा तोंडावर आला. कुरणातलं गवत वाळून कोळ झालं. वणव्याचे दिवस. कड्याच्या टोकावर कोणीतरी पहाऱ्याला बसायला हवं होतं, कारण पलीकडच्या खोऱ्यातला धूर तिथूनच आधी दिसतो. दादासाहेबांचे गुडघे दुखत होते. नीळकंठरावांना पिसारा सांभाळायचा होता. अस्वलमामांचा मोहाचा हंगाम होता. शेवटी सर्वानुमते बकुळा ठरली. बकुळा म्हणजे पिसोरी, सशाएवढं चिमुकलं हरीण. ती त्या सभेला हजर नव्हती म्हणून सर्वानुमते.

बकुळेला टिकू नावाचं पिल्लू होतं, नुकतं चालायला लागलेलं. वर उघडा कातळ, ना पाणी ना सावली. तिथे त्याला नेणार कसं? तेव्हा दादासाहेबांनी छाती पुढे काढून शब्द दिला की टिकू खाली कुरणात आमच्या कळपात राहील, आणि तुझी हाक आली की सगळ्यांच्या आधी त्याला नदीपार नेऊ. बकुळेनं पिल्लाला चाटलं आणि आवळ्याएवढा संच गळ्यात अडकवून ती कड्यावर गेली.

पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं की माझा आवाज खाली पोचतो का. खाली काय ऐकू आलं म्हणता? फोडणीत मोहरी तडतडावी तसं काहीतरी, आणि त्यात कुठेतरी कोणीतरी. नीळकंठरावांनी तत्परतेनं पाच-नऊ दिला. दादासाहेबांनी दिला. अस्वलमामांनी तर झोपेत दिला.

साळूबाई म्हणाली, "बकुळे, दोन-एक. तुझं निम्म्याहून जास्त कळत नाही गं. तार फार खाली आहे तुझी. वानरांना सांग आणि उतारावरच्या उंबराच्या शेंड्याला बांधून घे."

बकुळेला वाईट वाटलं. वाटणारच. इतके थोर थोर लोक पाच-नऊ म्हणतात आणि ही एकटी दोन-एक म्हणते, म्हणजे हिच्याच कानात मळ असणार. दुसऱ्या संध्याकाळी तिनं नीळकंठरावांना भीत भीत विचारलं, की उंबरावर तार बांधायला हवी का. मोहरी तडतडली. नीळकंठराव म्हणाले, पाच-नऊ, ताई, फारच छान. तार जिथे होती तिथेच राहिली.

इकडे मंडळात साळूबाईविरुद्ध तक्रार गेली. नव्या सभासदांचा उत्साह मारते, मंडळाचं वातावरण बिघडवते. दादासाहेबांनी तिला बोलावून समजावलं की खरं बोलायला आमची हरकत नाही, पण तोंडावर कशाला बोलायचं? साळूबाई म्हणाली, तोंडावर नाही तर कुठे बोलू? झालं. तिच्या हाकेला कोणी उत्तर द्यायचं नाही, असा ठराव झाला. चार दिवस ती एकटीच बोलली. मग तिनं संच बंद केला आणि बिळात जाऊन बसली. मंडळाचं वातावरण लगेच सुधारलं.

मग पानांच्या स्पर्धेचा दिवस आला. सूर्य मावळेपर्यंत ज्याची जास्तीत जास्त जणांशी गाठ पडेल तो जिंकला. जंगलात नुसता कल्ला. हाक, पाच-नऊ, पान पाठवा. हाक, पाच-नऊ, पान पाठवा. नीळकंठराव सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

दुपार कलताना बकुळेला पलीकडच्या खोऱ्यात धूर दिसला. मग धुराखाली लाल रेघ दिसली. वारा कुरणाकडे वाहत होता. पण आग अजून लांब होती, आणि पळायला सगळ्यांना पुरेसा वेळ होता, एवढं ध्यानात ठेवा.

ती आधी संकटाच्या जागेवर गेली. तिथे दादासाहेब अस्वलमामांना मोहाची फुलं वाळवावीत कशी ते सांगत होते. बकुळा गुणी. नियमाप्रमाणे ती त्यांनी श्वास घ्यायची वाट बघत राहिली. दादासाहेब श्वास घेत नव्हते. ती मध्येच ओरडली, पण गव्याच्या आवाजाखाली पिसोरीचा आवाज कुठला लागतोय? शेवटी ती स्पर्धेच्या गलक्यात घुसली आणि जीव खाऊन हाक मारली.

"वणवा आलाय. कुरण सोडा. माझ्या टिकूला आधी न्या."

नीळकंठरावांनी कान टवकारले. मोहरी तडतडत होती. म्हणजे एक पान.

"पाच-नऊ, पाच-नऊ. अगदी खणखणीत."

"सगळं कळलं ना? नाहीतर मी पळत खाली येते."

"पाच-नऊ, ताई. धन्यवाद. भेटू पुन्हा."

बकुळा होती तिथेच खाली बसली. ती तशीच उतरणीला लागली असती तर आगीच्या आधी पोचली असती. पण आता कशाला? खाली कळलं होतं. दादासाहेबांनी शब्द दिला होता. ती कड्यावरून धुराकडे बघत बसली, आणि टिकू एव्हाना नदीत पाय भिजवत असेल, असा विचार करून तिला हायसं वाटलं.

शेपटीला चटका बसला तेव्हा दादासाहेबांनी श्वास घेतला. मग जी पळापळ झाली ती काय विचारता. मोठे पायवाले सगळे नदीपार गेले.

बकुळा खाली आली तेव्हा कुरण काळं झालं होतं. नदीपार सगळे होते, टिकू नव्हता. तिनं दादासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, हाक आली की त्याला आधी न्यायचं असं ठरलं होतं. हाक आली नाही. मग आपण कसं काय नेणार, तूच सांग.

"मी हाक दिली होती. नीळकंठराव पाच-नऊ म्हणाले," बकुळा म्हणाली.

सगळ्यांनी नीळकंठरावांकडे पाहिलं. पेच मोठा होता. ऐकू आलं म्हणावं तर पिल्लाला का सोडलं, आणि नाही आलं म्हणावं तर जंगलातली सगळी पानं खोटी. दादासाहेब खाकरले. अध्यक्ष उगाच होत नाही कोणी.

"अगं बकुळे, पाच-नऊ म्हणजे नमस्कार असतो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "नमस्काराचा कोणी अर्थ लावत बसतं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नीळकंठरावांना इतकं हलकं वाटलं की ते पुढे झाले आणि अदबीनं म्हणाले, ताई, दुःखाच्या वेळी बोलू नये, पण तेवढं आपलं पान राहिलंय.

बकुळेनं त्यांना विचारलं, "काय म्हणाले होते मी?"

नीळकंठरावांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, हवापाण्याचंच असेल काहीतरी.

बकुळेनं गळ्यातला संच काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मग ती नदी ओलांडून परत जळलेल्या कुरणाच्या कडेला गेली आणि टिकूला हाका मारू लागली. संच नाही, तार नाही, नुसत्या तोंडानं. त्या हाका नदीपार सगळ्यांना नीट ऐकू आल्या, अंधार पडेपर्यंत.

तात्पर्य: मुलांनो, समोरच्याचं काही ऐकू आलं नाही तरी छान ऐकू आलं म्हणावं. खरं सांगितलं तर माणूस दुखावतो, आणि दुखावलेला माणूस पान पाठवत नाही. खोटं सांगितलं तर फार तर कुरण जळतं, आणि कुरण काय, पावसाळ्यात पुन्हा उगवतं. पिल्लाचं विचारू नका. मला ऐकू आलं नाही.